क्लिक करा, रेणू हलतोय!

केमिस्ट्री म्हटलं की आठवतात ती पाठ केलेली समीकरणं, पिवळ्या पडलेल्या जर्नल्स आणि बोर्डाचं टेन्शन. पण तेच अणू-रेणू डोळ्यांसमोर धावताना, आपटताना, जोड्या जमवताना दिसले तर? कम्प्युटर सिम्युलेशनचा हा फंडा आता फुकट आहे, मराठीत आहे आणि इंटरनेटशिवायही चालतो. मग तो मुंबईच्या इंटरनॅशनल स्कूलमध्येच का अडकावा? खारबावच्या वर्गात का जाऊ नये?

आधी एक छोटीशी टेस्ट. ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहाचं पाणी ठेवलंय, खळखळून उकळी फुटलीय, मोठाले बुडबुडे वर येताहेत. त्या बुडबुड्यांमध्ये काय असतं?

'हवा' म्हणालात? तुम्ही एकटे नाही. 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' म्हणालात? म्हणजे तुम्ही सायन्स साइडचे. खरं उत्तर एकदम साधं आहे : पाणी. वायुरूपातलं पाणी, म्हणजे वाफ. (पाणी कोमट होताना भांड्याच्या कडेला जे बारीक बुडबुडे धरतात ते विरघळलेल्या हवेचे. उकळीचे बुडबुडे वेगळे.) न्यूझीलंडच्या ओस्बॉर्न आणि कॉसग्रोव्ह या दोन संशोधकांनी हाच प्रश्न शाळकरी मुलांना विचारला होता. १९८३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. अनेक वर्षं विज्ञान शिकलेली मुलंही बिनधास्त सांगत होती की, उकळल्यावर पाणी फुटून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात.

गंमत म्हणजे या मुलांना 'एच-टू-ओ' पाठ होतं. किंबहुना ते पाठ होतं म्हणूनच हे उत्तर सुचलं!

१९८७ साली अमेरिकेत नरेनबर्न आणि पिकरिंग या दोघांनी कॉलेजच्या पोरांना वायूंच्या नियमांवरची गणितं दिली. पोरांनी झटपट सोडवली. मग त्याच गोष्टीवर एक चित्र दिलं : डब्यात ठिपक्यांसारखे रेणू, तापमान कमी केलं तर ठिपके कुठे असतील? आणि विकेट पडली. सूत्रात आकडे भरता येणं वेगळं आणि डब्यात काय चाललंय ते दिसणं वेगळं. आपल्यापैकी किती जण सीईटीला केमिस्ट्रीत भरघोस मार्क घेऊन इंजिनीअर झाले आणि आजही गॅसचे रेणू थंड झाले की तळाशी जाऊन बसतात असं समजतात, कुणी मोजलंय?

तीन मजली बिल्डिंग

या गोंधळाचं मस्त स्पष्टीकरण ग्लासगो विद्यापीठाच्या अॅलेक्स जॉनस्टोन यांनी १९९१ मध्ये दिलं. ते म्हणाले, रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं. एक, डोळ्यांना दिसतं ते : निळं द्रावण, फसफसणारा सोडा. दोन, अणू-रेणूंच्या पातळीवर जे चाललंय पण दिसत नाही ते. आणि तीन, फळ्यावरची चिन्हं, समीकरणं. मुरलेला केमिस्ट या तिन्ही मजल्यांवर लिफ्टनं वर-खाली करतो आणि त्याला ते जाणवतही नाही. शाळेतलं पोरगं मात्र पहिल्या मजल्यावरून थेट तिसऱ्यावर ढकललं जातं. मधला मजला त्याला कुणी दाखवलेलाच नसतो.

कसा दाखवणार? तो दिसतच नाही. एका थेंबातले पाण्याचे रेणू मोजायचे तर कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी, आणि वर आणखी थोडे. सर फळ्यावर चार गोळे काढतात, त्यांच्यामध्ये रेघा मारतात आणि म्हणतात, समजा हे हलताहेत. आता हे 'समजा' कितीदा समजायचं?

इथे कम्प्युटर येतो. आणि तो काही शाळेसाठी म्हणून आलेला नाही. खऱ्या संशोधनातून खाली उतरलेला पाहुणा आहे. त्याच्या मुळाशी एक आपला माणूसही आहे : हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान. १९६४ साली शिकागोजवळच्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत त्यांनी द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू कम्प्युटरवर 'सोडले', प्रत्येकावर बाकीच्यांची ओढ आणि ढकल किती हे मोजलं आणि तो घोळका क्षणाक्षणाला कसा सरकतो ते पाहिलं. (आर्गॉन लॅबमध्ये आर्गॉन! योगायोगच. इंग्रजी स्पेलिंगं वेगळी आहेत.) १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्याबरोबर त्यांनी पाण्याचे २१६ रेणू घेऊन तोच खेळ मांडला. त्या काळी त्यासाठी मोठमोठी यंत्रं लागत होती. आज त्याच जातीचं चित्र आपल्या खिशातल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये धावतं. २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेलही कार्प्लस, लेव्हिट आणि वार्शेल या तिघांना कम्प्युटरवरच्या अशाच मॉडेल्ससाठी मिळालं. म्हणजे सिम्युलेशन हे केमिस्ट्रीचं कार्टून नाही, आजच्या केमिस्ट्रीचं ते रोजचं हत्यार आहे.

'फेट' नावाची भानगड

शाळेसाठी सगळ्यात गाजलेला संच म्हणजे 'फेट'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या कार्ल वीमन यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पठ्ठ्यानं बक्षिसातले काही पैसे घातले आणि २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आधी फक्त फिजिक्स, मग केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी. आज दीडशेहून अधिक सिम्युलेशन्स आहेत, सगळी फुकट, शंभराहून जास्त भाषांमध्ये. त्यात मराठीही आहे.

आपल्याकडचंही नाव घ्यायला हवं. सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठ यांनी मिळून 'ओलॅब्स' केलं. नववी ते बारावीचे प्रयोग स्क्रीनवर करून बघता येतात, मराठीतही. लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाका, निळा रंग उतरतो, खिळ्यावर तांबूस थर बसतो. दोघांचा बाज मात्र वेगळा. ओलॅब्स प्रयोगाची रंगीत तालीम करून घेतं. फेट तुम्हाला मधल्या मजल्यावर नेऊन सोडतं आणि म्हणतं, हाताला येईल ते दाबून बघ. मला विचाराल तर नववी-दहावीला फेट आधी द्यावं.

आता खारबाव. दिवा-वसई लाइनवरचं स्टेशन, भिवंडी रोड आणि कामण रोडच्या मधलं. लोकलच्या नकाशावर आपली नजर तिथे कधी जातच नाही, कारण इथे लोकल नाही, मेमू धावते, तीही मोजक्याच फेऱ्यांची. तालुका भिवंडी. म्हणजे एकीकडे यंत्रमागांचा खडखडाट आणि आपण ऑनलाइन मागवलेले शूज जिथून निघतात ती अवाढव्य गोदामं, दुसरीकडे भाताची खाचरं आणि खाडी. गावाच्या नावातच 'खार' आहे. खार हा शब्द आला संस्कृत 'क्षार'वरून, आणि कोकणात 'बाव' म्हणजे विहीर. ज्या गावाच्या पाटीवरच केमिस्ट्री लिहिलीय, तिथल्या दहावीतल्या पोरीला क्षार हा शब्द नववीच्या पुस्तकात पहिल्यांदा भेटल्यासारखा वाटावा, हा काय प्रकार आहे?

कारण उदाहरण तिच्या अंगणात आहे. या सगळ्या पट्ट्यात, वसई-भाईंदरच्या खाड्यांच्या काठानं, पिढ्यान् पिढ्या मिठागरं चालली. आगरी समाजाचं नावच आगरावरून पडलेलं. आणि मिठागर म्हणजे काय? द्रावण, बाष्पीभवन, संपृक्तता आणि स्फटिकीकरण, असा सबंध धडा उघड्या रानात पसरलेला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ खाली बसायला लागायचं तर १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ व्हायला हवं. हिशेब करा : जवळजवळ ९० टक्के पाणी उन्हानं उडवावं लागतं, तेव्हा कुठे पहिला दाणा दिसतो. म्हणून तर पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत न्यायचं.

फेटमध्ये 'संहती' या विषयाचं सिम्युलेशन आहे. टाकीत रंगीत पावडर टाका, नळ सोडा, बाष्पीभवनाची पट्टी सरकवा. पाणी कमी होतं, रंग गडद होत जातो, मीटरवरचा आकडा चढतो. आणि मग एका क्षणी आकडा थांबतो! पाणी उडतंच आहे, पण संहती वाढत नाही. तळाला कण दिसू लागतात. हा 'आकडा थांबला' वाला क्षण पुस्तकात एका वाक्यात येतो, आणि कुणाच्या डोक्यात शिरत नाही. स्क्रीनवर मात्र पोरं हमखास ओरडणार, सर, अडकला!

अडकलेला नसतो. इथे क्षार आणि विद्राव्यतेचं सिम्युलेशन उघडायचं, ज्यात आयन एकेक ठिपका म्हणून दिसतात. सोडियमचे आणि क्लोराइडचे ठिपके पाण्यात भटकताहेत, तळाच्या स्फटिकाला येऊन चिकटताहेत, आणि त्याच वेळी दुसरे सुटून पुन्हा पाण्यात जाताहेत. येणारे आणि जाणारे सारखेच झाले की बाहेरून सगळं शांत दिसतं. दादर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मसारखं : गर्दी तेवढीच, माणसं सतत वेगळी. यालाच अकरावीत 'गतिक समतोल' असं भारदस्त नाव मिळतं आणि त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो. आगरात काम केलेल्या आजोबांच्या नातीला तो नववीतच, नावाशिवाय, डोळ्यांनी कळू शकतो. हा फरक छोटा नाही. कारण गावाकडच्या मुलांचं सायन्स सुटतं ते बहुतेकदा इथेच : दहावीपर्यंत पाठांतरावर रेटलेलं असतं आणि अकरावीच्या पहिल्या सहामाहीत ते तुटतं. मग आर्ट्‌स किंवा गोदामातली नोकरी. आर्ट्‌स वाईट नाही, नोकरीही नाही. पण 'मला केमिस्ट्री जमतच नाही' असं ठरवून तिकडे वळणं वाईट.

वडापावचं समीकरण

दहावीच्या पुस्तकात रासायनिक अभिक्रिया आणि समीकरणांचा धडा आहे. समीकरण संतुलित करताना सगळ्यात कॉमन चूक कुठली? पोरं रेणूंची संख्या वाढवण्याऐवजी सूत्राच्या पोटातला आकडा बदलतात. 'दोन एच-टू-ओ' लिहायचं तिथे 'एच-टू-ओ-टू' लिहून मोकळी होतात. कागदावर अणू बरोबर जुळतात, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालेलं असतं. फेटच्या सिम्युलेशनमध्ये तुम्हाला सूत्राच्या आत हातच घालता येत नाही. फक्त रेणूंची संख्या कमी-जास्त करायची. शेजारी अणूंचे गोळे आणि तराजू. तराजू समतोल झाला की हसरा चेहरा येतो. अमोनिया बनवा, पाणी फोडा, मिथेन जाळा. तीनच अभिक्रिया, पण वीस मिनिटांत जे समजतं ते वर्षभराच्या लाल शेऱ्यांनी समजत नाही.

दुसरं एक आहे, त्यात सुरुवातीला चक्क सँडविच बनवायचं असतं. ब्रेडचे स्लाइस अमुक, चीज तमुक, किती सँडविच होतील, काय उरेल? खारबावला त्याचा वडापाव करावा. सहा पाव, चार वडे. वडापाव चार, उरले दोन पाव, आणि पुढे कितीही पाव आणले तरी पाचवा वडापाव होत नाही. झालं, मर्यादित अभिकारक शिकवून संपला!

आणि पीएचचं, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या सामूचं. त्यात कॉफी, दूध, संत्र्याचा रस, लाळ, रक्त यांच्या यादीत 'उलटी' पण आहे. वर्ग कुठे हसणार ते सांगायला नकोच. पण हसून झाल्यावर एक प्रश्न टाका : आम्लात पाणी ओतत राहिलो तर ते कधी आम्लारी होईल का? अंदाज घ्या, हात वर करायला सांगा. निम्मे हात वर गेले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. मग नळ सोडा. आकडा ७ च्या जवळ जाऊ लागतो, ओलांडत मात्र नाही.

हे 'आधी अंदाज, मग बघणं, मग का ते सांगणं' फार महत्त्वाचं. नुसता प्रोजेक्टर लावून सर क्लिक करताहेत आणि पोरं बघताहेत, तर तो टाइमपास झाला, टीव्हीच. उलट टोकाला 'आता हे बटण दाबा, आता ते दाबा' अशी पाककृती हातात दिली तरी डोकं बंदच राहतं. फेटवाल्यांचंही म्हणणं हेच : सूचना कमी, प्रश्न चांगले.

लाल ऑक्सिजन आणि इतर थापा

सिम्युलेशन खोटं बोलतं, हे पोरांना सांगितलंच पाहिजे. कुणी तरी विचारणारच, 'दादा, ऑक्सिजन खरंच लाल असतो?' नाही रे बाबा. ही १८६५ ची गोष्ट. हॉफमन नावाच्या केमिस्टनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना क्रोकेच्या खेळातले रंगीत चेंडू अणू म्हणून वापरले : कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा. ते रंग आजपर्यंत चिकटले. दुसरी थाप वेगाची. खोलीतल्या हवेचे नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावतात, स्क्रीनवरचे रमतगमत फिरतात. तिसरी, बरीच चित्रं सपाट असतात, खरा डबा तिन्ही बाजूंनी भरलेला. 'यात काय खोटं आहे ते शोधा' असा तासच घेता येतो, आणि माझ्या मते तो सगळ्यात भारी तास ठरेल.

आणखी एक गोष्ट आहे, तिथे मात्र हसण्यावारी नेता येत नाही. स्क्रीनवर वास येत नाही. चटका बसत नाही. परीक्षानळी फुटत नाही. त्यामुळे काही संस्थाचालकांना हे प्रकरण भलतंच सोयीचं वाटू शकतं : प्रयोगशाळेचा खर्च नको, एक स्मार्ट बोर्ड लावला की झालं. याला ठाम नकार द्यायला हवा. कोलोरॅडोत २००५ साली छापलेल्या एका अभ्यासात सिम्युलेशनवर सर्किट शिकलेली मुलं खऱ्या तारांवर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली, हे खरं. पण ते फिजिक्स होतं, विजेच्या तारा होत्या. केमिस्ट्रीत वास, रंग, उष्णता हाच तर पहिला मजला. तो काढून टाकलात तर दुसऱ्या मजल्यावर कसले जाताय? आणि खर्च तरी किती? हळदीच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की लालभडक, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. आधी हे हातानं करायचं, मग स्क्रीन उघडायचा. क्रम उलटा नको.

यंत्रांचंही एक रडगाणं आहेच. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना २००४ मध्ये आली, त्यानंतर महाराष्ट्रातल्या शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. कंत्राट संपलं, की खोलीला कुलूप, हे चित्र शिक्षकांना नवीन नाही. शिवाय त्या काळच्या शैक्षणिक सीडी आणि बरीच सिम्युलेशन्स फ्लॅशमध्ये होती. अॅडोबीनं २०२० च्या अखेरीस फ्लॅशला मूठमाती दिली आणि ते भांडार एका रात्रीत मुकं झालं. फेटनं आपली बरीच सिम्युलेशन्स आधीच नव्या पद्धतीत आणली, म्हणून ती आजही चालतात. आणि होऊ शकतं, याचे दाखलेही जवळच आहेत. ठाणे जिल्ह्यातल्याच शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या खटपटीसाठीही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर १९७४ पासून हेच काम करतंय.

मग वीकएण्डला काय?

तुमच्या कंपनीत 'सोशल रिस्पॉन्सिबिलिटी'चा एक शनिवार असतो ना? झाडं लावून फोटो काढून झाले असतील तर हे करून बघा. ओळखीतून एखादी शाळा गाठा, खारबावच असं नाही, तुमच्या गावची का असेना. आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना. वर्ग त्यांचाच राहू द्या. तुम्ही लॅपटॉप आणि प्रोजेक्टर उचलणारे 'दादा' किंवा 'ताई', लेक्चर देणारे पाहुणे नव्हे. कुठला धडा चालू आहे ते विचारा आणि त्याच धड्याचं एकच सिम्युलेशन न्या. पाच नेलीत तर जत्रा होईल. शिक्षकांना स्वतः शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात केमिस्ट्रीची मोफत सॉफ्टवेअर्स शिकवणारे धडे आहेत, तो पत्ता देऊन या.

जुने लॅपटॉप द्यायचे असतील तर नक्की द्या, पण बॅटरी गेलेला आणि पासवर्ड विसरलेला नको. एका यंत्रावर तीन जण उत्तम : एक जण माऊस धरतो, दोघं भांडतात, आणि शिकणं त्या भांडणातच होतं.

फेटची बहुतेक सिम्युलेशन्स एकेक फाइल म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर नेता येतात, नेट लागत नाही. फक्त मराठी आवृत्ती वेगळी निवडावी लागते, ते विसरू नका. निघायच्या आदल्या रात्री घरचं वाय-फाय बंद करा आणि प्रत्येक फाइल एकदा उघडून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर घ्या. आणि परतीच्या मेमूची वेळ आधीच लिहून ठेवा, ती चुकली तर पुढची बऱ्याच वेळानं असते.